हिरव्या ठिपक्यांचा हिशेब

चंद्रपूर शहराला लागून उत्तरेकडे दुर्गापूर, ऊर्जानगर आणि महाऔष्णिक वीज केंद्राचा पट्टा आहे. उपग्रहानं टिपलेल्या चित्रात तो शोधावा लागत नाही. इरई धरणाचं गडद पाणी, वीज केंद्राच्या परिसरातले राखेचे पांढुरके तलाव, दुर्गापूर-पद्मापूरच्या उघड्या कोळसा खाणींचे काळे खड्डे, वसाहतींच्या सरळ रेघा, आणि या सगळ्यापासून काही किलोमीटरवर ताडोबा-अंधारीचं जंगल. देशातल्या फार थोड्या व्याघ्र प्रकल्पांच्या इतक्या जवळ २९२० मेगावॉटचं वीज केंद्र आणि त्याला पोसणाऱ्या खाणी असतील. त्यामुळे इथल्या जमिनीचा वापर कसा बदलतो आहे, हे उपग्रहातून पाहण्याची गरज सगळ्यांना पटते. पण ही चित्रं हाती आली की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : जंगल वाढलं की घटलं? उत्तर टक्क्यांत येतं, बातमी छापली जाते आणि विषय मिटतो. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. अभयारण्याचं भवितव्य हद्दीच्या आतल्या हिरव्या टक्केवारीवर ठरत नाही. हद्दीबाहेरची कोणती जमीन, कुठे आणि कोणत्या आकारात बदलली, यावर ते ठरतं. उपग्रहाचं खरं सामर्थ्य हेच दाखवण्यात आहे, आणि नेमका त्याचाच उपयोग आपण सर्वांत कमी करतो.

ताडोबाची रचना पाहिली की हे लक्षात येतं. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, ११६.५५ चौरस किलोमीटरचं. त्याला लागून असलेलं अंधारी अभयारण्य १९८६ चं, ५०८.८५ चौरस किलोमीटरचं. पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१० मध्ये भोवताली सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचं बफर क्षेत्र अधिसूचित झालं. गाभ्यात वृक्षतोड, शेती, बांधकाम यांना कायद्यानं मज्जाव आहे, राखणही कडक आहे. तिथला हिरवा रंग वर्षानुवर्षं जवळजवळ तसाच राहतो, आणि तो तसा राहिला म्हणून आपण समाधान मानतो. वाघ मात्र हद्द पाळत नाही. गाभ्यात जन्मलेला नर दोन-अडीच वर्षांचा झाला की त्याला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो. तो निघतो ब्रह्मपुरीकडे, चपराळ्याकडे, कन्हारगावकडे, तिथून तेलंगणातल्या कवाल व्याघ्र प्रकल्पाकडे किंवा गडचिरोलीच्या जंगलांतून इंद्रावतीकडे. हे रस्ते उघडे राहिले तरच ताडोबा हे मोठ्या जंगलाचं एक अंग राहील. ते बंद झाले, तर आतलं हिरवेपण शाबूत असूनही त्याचं बेट होईल. गाभ्याची टक्केवारी या धोक्याविषयी काहीच सांगत नाही.

उपग्रह नेमकं काय पाहतो, हे आधी समजून घ्यायला हवं. त्याला झाड दिसत नाही. जमिनीच्या एकेका चौकोनातून परावर्तित होऊन आलेला प्रकाश वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजलेला असतो. या चौकोनाचं माप आपल्या गुंठ्यांत सांगता येतं. अमेरिकेच्या लँडसॅटचा ३० मीटरचा ठिपका म्हणजे जवळपास नऊ गुंठे, आपल्या आयआरएस मालिकेतल्या लिस-३ कॅमेऱ्याचा साडेतेवीस मीटरचा ठिपका म्हणजे साडेपाच गुंठे, आणि युरोपच्या सेंटिनेल-२ चा दहा मीटरचा ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवतं. उघड्या मातीत हा फरक थोडा असतो, पाण्यात उलटा. या दोन आकड्यांच्या तुलनेतून त्या ठिपक्यावर किती जिवंत पालवी आहे याचा अंदाज बांधता येतो. अभ्यासाच्या रूढ चित्रांत निकट-अवरक्ताला लाल रंग दिलेला असतो, म्हणून दाट जंगल तिथे लालभडक दिसतं. पहिला लँडसॅट जुलै १९७२ मध्ये अवकाशात गेला. भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये गेला. २००८ पासून लँडसॅटचा जुना साठा सगळ्यांना विनामूल्य खुला झाला, सेंटिनेलची चित्रं सुरुवातीपासूनच खुली आहेत, आणि इस्रोचं भुवन संकेतस्थळ २००९ पासून आहे. चंद्रपूरच्या वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. म्हणजे वीज केंद्र येण्याआधीचं दुर्गापूर कसं होतं, याचा पुरावा या साठ्यात आहे आणि तो कोणीही पाहू शकतो. इतका जुना आणि इतका खुला दस्त आपल्या महसुली दप्तरातही क्वचित सापडेल.

हा दस्त वाचायला मात्र स्थानिक ज्ञान लागतं. चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल पानगळीचं आहे. सागाची पानं उन्हाळ्याच्या तोंडाशी झडतात, ऐन, धावडा, तेंदू, मोह हेही आपापल्या वेळी पानं टाकतात. ऑक्टोबरमधलं चित्र एका वर्षाचं आणि एप्रिलमधलं दुसऱ्या वर्षाचं घेऊन तुलना केली, तर अर्धं जंगल कापल्यासारखं दिसेल. उलट बाजूनं, सप्टेंबरमध्ये धानाच्या बांध्या इतक्या हिरव्या असतात की विरळ जंगलात आणि त्यांच्यात फरक करणं संगणकाला जड जातं. डिसेंबरमध्ये त्याच बांध्या पिवळ्या पडलेल्या असतात. म्हणून एकाच हंगामातली, शक्यतो एकाच महिन्यातली चित्रं घ्यावी लागतात, आणि त्याच वर्षाचं हिवाळ्याचं व उन्हाळ्याचं चित्र शेजारी ठेवून पाहावं लागतं. पावसाळ्यात ढगांमुळे हे कॅमेरे आंधळे होतात. तिथे रडार कामी येतं. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह ढगांतून पार पाहतो आणि बारा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतो.

याहून मोठी फसगत आकड्यांच्या वजाबाकीत होते. एखादा नकाशा ९० टक्के अचूक असला तर तो चांगला मानला जातो. दोन वेगवेगळ्या वर्षांचे असे दोन नकाशे घेतले आणि त्यांच्या चुका एकमेकांशी निगडित नसल्या, तर दोन्हींत बरोबर असलेले ठिपके ८१ टक्केच उरतात. उरलेल्या १९ टक्क्यांत किमान एका नकाशाची चूक आहे. अशा वजाबाकीतून ‘जंगल तीन टक्क्यांनी वाढलं’ असं निघालं, तर ती वाढ जमिनीवरची आहे की नकाशातली, हे सांगता येत नाही. जे अभ्यास आपली चूक किती हे छापत नाहीत, त्यांचे वाढ-घटीचे आकडे आपण बातमी म्हणून स्वीकारू नयेत. दोन स्वतंत्र नकाशे वजा करण्याऐवजी एकाच ठिपक्याची वीस-पंचवीस वर्षांची हिरवेपणाची चढउतार सलग पाहणं जास्त भरवशाचं आहे. शेताचा ठिपका दरवर्षी ठरल्या वेळी चढतो-उतरतो, जंगलाचा वेगळ्या लयीत, आणि खाण लागली की ती लय एका वर्षात तुटते.

आता त्या हिरव्या रंगाविषयी. भारतीय वन सर्वेक्षण विभाग दर दोन वर्षांनी वनाच्छादनाचा अहवाल काढतो. पहिला अहवाल १९८७ चा. त्याची व्याख्या अशी : एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर ते वनाच्छादन, मग मालकी कोणाचीही असो आणि झाडं कोणतीही असोत. देशभराचा एक ढोबळ ताळा घ्यायला ही व्याख्या उपयोगी आहे. पण तिच्यात नैसर्गिक मिश्र जंगल, सागाची एकसुरी लागवड, आमराई आणि खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर लावलेली झाडं एकाच रंगात येतात. या प्रदेशात हा फरक फार महागात पडतो. २०२१ मध्ये जाहीर झालेलं कन्हारगाव अभयारण्य वन विकास महामंडळाच्या जंगलातून निघालं. महामंडळाची पद्धत मिश्र जंगलाचा तुकडा तोडून तिथे साग लावण्याची. चित्रात असा तुकडा दोन-तीन वर्षं उघडा दिसतो, मग हिरवा होतो आणि दीड-दोन दशकांनी भोवतालच्या जंगलात मिसळून जातो. अहवालाच्या लेखी काहीच गमावलेलं नसतं. जमिनीवर मात्र मोह, तेंदू, चार, बेहडा, बांबू गेलेले असतात, आणि त्यांच्यावर जगणारी माणसं आणि जनावरंही त्या तुकड्यापुरती गेलेली असतात.

ऊर्जानगरच्या परिसरातला हिरवा रंग याहून वेगळी गोष्ट सांगतो. वीज केंद्राच्या आणि खाणींच्या ताब्यातल्या रिकाम्या जागांवर, जुन्या ढिगाऱ्यांवर, नाल्यांच्या काठांनी काटेरी झुडपं दाट माजली. उपग्रहाच्या हिशेबात ही भर आहे. बिबट्याच्या आणि वाघाच्या दृष्टीनं तो आडोसा आहे, शेजारी पाणी आहे, वस्तीतली डुकरं आणि कुत्री आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत वीज केंद्राच्या आवारात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार आणि दुर्गापूरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात एक किशोरवयीन मुलगा मारला गेला. त्यानंतर झुडपं काढण्याची मागणी झाली, आणि ती रास्त होती. रोज पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या वाटेवर दाट आडोसा असणं हा पर्यावरणाचा लाभ नाही. पण वनाच्छादनाच्या कोष्टकात ही झुडपं काढणं ‘घट’ म्हणून नोंदलं जाईल. जे कोष्टक माणसाच्या जिवाला असलेला धोका भरतीच्या बाजूला दाखवतं, त्यावर धोरण बेतता येत नाही.

याची उलट बाजू गाभ्यातच आहे. ताडोबाच्या गाभ्यात कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी, पळसगाव, रानतळोधी ही गावं होती. २००७ पासून त्यांचं टप्प्याटप्प्यानं पुनर्वसन सुरू झालं. नवेगाव आणि जामणीच्या रिकाम्या झालेल्या शेतांत गवताची कुरणं वाढवण्यात आली. तिथे चितळ, सांबर, गवे चरायला येतात आणि त्यांच्या मागे वाघ येतो. सलग चित्रांत हा बदल सुरेख दिसतो : शेताची वर्षाकाठी ठरलेली लय थांबते, जागा गवताच्या लयीत जाते. वनाच्छादनाच्या व्याख्येत मात्र कुरण म्हणजे ‘वनेतर’ जमीन. उद्या तिथे झुडपं आणि झाडं घुसली, तर अहवाल म्हणेल जंगल वाढलं, आणि तृणभक्षकांनी आपला चारा गमावलेला असेल. ज्या माणसांनी हे गवत येण्यासाठी आपली गावं सोडली, त्यांच्या त्यागाचं मोल तरी आपण नीट मोजायला हवं.

मग मोजायचं काय? माझं उत्तर : जोडणी. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१४ मध्ये देशातले ३२ प्रमुख व्याघ्र संचारमार्ग नकाशावर मांडले. ताडोबा त्यांतल्या मध्य भारतीय जाळ्याच्या एका गाठीवर आहे. या मार्गांना धोका मोठ्या तोडीचा नाही, रेषांचा आहे. चंद्रपूर-मूल रस्ता, बल्लारशा-गोंदिया लोहमार्ग, गोसीखुर्दचा उजवा कालवा, या सगळ्या रेषा त्या जंगलांना छेदतात. समजा, पन्नास मीटर रुंदीचा एक कालवा जंगलातून वीस किलोमीटर गेला. त्यानं व्यापलेली जागा एक चौरस किलोमीटर. चंद्रपूर जिल्ह्याच्या ११,४४३ चौरस किलोमीटरांत ती एका टक्क्याचा शंभरावा भागही नाही. टक्केवारीच्या अहवालात असा कालवा दिसणारच नाही. पण त्याचे काठ उभे आणि सिमेंटचे असले, तर पलीकडे जाणारा प्राणी तिथे अडतो किंवा आत पडून मरतो, आणि जंगलाचे दोन तुकडे होतात. दहा मीटरच्या ठिपक्यांत ही रेषा खोदकामाच्या पहिल्या महिन्यांतच उमटते. रस्त्याकडेला शेतीची अकृषक झालेली जमीन, प्रवेशद्वारांभोवती उगवणारी रिसॉर्टं, दोन जंगलांमधल्या धानपट्टीला पडणारं तारेचं कुंपण, यांतलं बरंचसं कालक्रमानं मांडता येतं. कुंपण स्वतः दिसणार नाही, हेही सांगायला हवं. विजेचा प्रवाह सोडलेली तार कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही, आणि या भागात वाघांचा जीव तिनंही घेतला आहे.

यावर पहिला आक्षेप विकासाच्या बाजूनं येतो. राज्याला वीज हवी, विजेला कोळसा हवा, आणि कोळसा जिथे आहे तिथेच खणावा लागणार. चित्रं पाहून खाण थांबवायची का? चित्र निर्णय घेत नाही, हे मान्य. पण निर्णयाची किंमत ते आधी दाखवू शकतं. ताडोबालगतच्या लोहारा कोळसा खाणीला २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं परवानगी नाकारली, ती लोकांच्या तीव्र विरोधानंतर आणि व्याघ्र प्रकल्पाशी असलेल्या जवळिकीच्या कारणानं. त्याच सुमाराला वर्धा खोऱ्यासह देशातल्या नऊ कोळसा क्षेत्रांवर वनाच्छादनाचे नकाशे ठेवून कुठे खणावं आणि कुठे खणू नये, असं वर्गीकरण झालं. ते पुढे टिकलं नाही, तरी दिशा योग्य होती. उणीव निकषात होती : खाणपट्ट्याच्या आत किती वन आणि किती दाट, एवढंच पाहिलं गेलं. पट्टा विरळ जंगलाचा असला, पण दोन दाट जंगलांना जोडणारा तोच एक दुवा असला, तर या निकषावर तो सहज खणण्याजोगा ठरतो. जोडणीचा निकष लावला असता, तर काही दाट पट्टे कदाचित मोकळे झाले असते आणि काही विरळ पट्टे वाचले असते. हा विकासाला विरोध नव्हे. वीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांनाच वाघाच्या अडलेल्या वाटेचा फटका सर्वांत आधी बसतो.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. जंगलात राहणारे लोक म्हणतात, हा आकाशातला डोळा आमच्याविरुद्ध वापरला जातो. त्यात तथ्य आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर हक्क मागता येतो, आणि उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावे फेटाळले गेल्याच्या तक्रारी देशात अनेक ठिकाणी झाल्या. नऊ गुंठ्यांच्या ठिपक्यात मोहाची चार झाडं राखून केलेली अर्ध्या एकराची शेती जंगल म्हणूनच उमटू शकते. २०१२ च्या सुधारित नियमांनी हे ओळखलं : उपग्रह चित्र हा पूरक पुरावा आहे, गावातल्या बुजुर्गांच्या जबान्या आणि जमिनीवरच्या खुणा यांना तो पर्याय नाही. तरतूद स्पष्ट आहे, आणि ती पाळली जावी यासाठी मी आग्रही आहे. पण चित्रं नाकारून लोकांचा फायदा होणार नाही. तोच साठा अनेक ठिकाणी २००५ पूर्वीची शेती दाखवतो, आणि जंगल कोणी राखलं हेही दाखवू शकतो. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर मिळाला, आणि फांद्या छाटणं व आगी लावणं टळावं म्हणून त्या गावानं तेंदूपत्त्याची तोडणीच थांबवली. आगीच्या नोंदी घेणारे उपग्रह रोज या प्रदेशावरून जातात. पाचगावच्या निर्णयानं काय साधलं, याची बारा-पंधरा वर्षांची साक्ष त्या नोंदींत शोधता येईल. ती गावाच्या बाजूनं उभी राहू शकणारी साक्ष आहे.

कागदावरचं जंगल आणि जमिनीवरचं जंगल यांतली तफावत तर विदर्भाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरांत ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनींवर कुठे शाळा आहे, कुठे स्मशान, कुठे वस्ती, आणि कुठे खरोखरच राखण्याजोगं रान. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या जमिनींना वनाचा दर्जा मान्य केला. आता कोणत्या तुकड्यावर आज काय आहे, हे गटवार ठरवावं लागेल. ते कोर्टातल्या वादानं ठरू नये, चित्रं आणि गावाची पाहणी यांच्या जोडीनं ठरावं.

तिसरं म्हणणं वन विभागातून येतं : आमचा वनरक्षक रोज नियतक्षेत्रात पायी फिरतो, त्याला काय ठाऊक नाही? त्याच्या क्षेत्रातलं त्याला सगळं ठाऊक असतं, आणि त्याच्या पाहणीशिवाय उपग्रहाचा एकही नकाशा विश्वासार्ह होत नाही. पण संचारमार्ग चार वनविभागांतून, दोन जिल्ह्यांतून आणि कधी दोन राज्यांतून जातो. महसूल, पाटबंधारे, रेल्वे, खाण, वन अशा अनेक खात्यांच्या ताब्यातली ही जमीन एका नजरेत पाहणारं कोणतंही पद अस्तित्वात नाही. तो सलग पट आकाशातूनच दिसतो. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, इस्रोचं प्रादेशिक केंद्र आहे. तंत्र आणि माणसं दोन्ही हाताशी आहेत.

कमी आहे ती ठरलेल्या कामाची. दरवर्षी डिसेंबरात, धान कापून झाल्यावर, ताडोबाभोवतीच्या संचारमार्गांतल्या प्रत्येक गावाचा बदल-नकाशा निघावा, त्यावर वनकक्ष आणि गट क्रमांक दोन्ही असावेत. वनरक्षक आणि ग्रामसभेनं निवडलेली दोन-तीन माणसं यांनी त्यातले ठिपके पायी जाऊन तपासावेत. नकाशाची चूक किती निघाली हे त्याच कागदावर छापावं, आणि तो कागद मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. सुरुवात कन्हारगावपासून करणं मला सर्वांत योग्य वाटतं. अभयारण्य नवं आहे, कवालकडे जाणारी वाट तिथून जाते, सागाच्या तुकड्यांचा आणि मिश्र जंगलाचा फरक महामंडळाच्या जुन्या नोंदींवरून ठिपकावार पडताळता येतो, आणि २०२१ हे पायाभूत वर्ष धरलं तर त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्याची दहा मीटरची चित्रं आजच विनामूल्य उपलब्ध आहेत.